‘टेक’ची पाच कार्डं

इंग्रजीतलं एकच क्रियापद नीट मुठीत आलं की अर्धा गड सर झाला, असं छोटीच्या आईनं घरात जाहीर केलं. ते क्रियापद होतं ‘टेक’. शेपटीला एखादा शब्द जोडला की त्यानं विमान उडतं, कंपनी ताब्यात येते, अंगातला कोटसुद्धा उतरतो. “इतकं कामसू घरात दुसरं कुणी नाही,” ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. नवऱ्यानं पेपर वर केला.

मुलाखत व्हिडिओवर होती. वॉशिंग मशिनच्या कंपनीत, फोनवर तक्रारी घ्यायचं काम, तेही घरबसल्या. छोटी झाल्यापासून तीन वर्षांत आलेलं हे पहिलंच बोलावणं. हे हुकलं तर पुन्हा कोण विचारणार, या धास्तीनं चार दिवस ती पोळ्या लाटतानाही ‘टेक’ घोकत होती.

तिनं नेहमीचे पाच प्रश्न काढले, पाच उत्तरं पाठ केली, प्रत्येकात एक ‘टेक’ बसवला आणि पाच कार्डं केली. कार्डं धरायला सासूबाई लॅपटॉपच्या मागे स्टुलावर.

“आई, प्रश्न आला की पुढचं कार्ड वर. बाकी काही करायचं नाही.”

“अगं, मी चाळीस वर्षं शाळेत घंटा दिलीय. मला वेळ शिकवतेस?”

पडद्यावर चष्मेवाल्या अधिकारी बाई आल्या. “माझा आवाज येतोय का?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

सासूबाईंना इंग्रजी कळत नव्हतं, पण प्रश्नाचा सूर कळत होता. पहिलं कार्ड वर गेलं. आणि कार्ड दिसलं की छोटीच्या आईचं तोंड गिरणीसारखं आपोआप सुरू व्हायचं.

“सकाळपासून रात्रीपर्यंत मी सगळ्यांची ‘टेक केअर’ करते.”

बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. “छान. स्वतःबद्दल सांगा.”

दुसरं कार्ड. “मुलगी लहान होती म्हणून ‘टेक अ ब्रेक’ केलं.”

“बरं. आधीची नोकरी का सोडली?”

तिसरं कार्ड. “समोरचा ओरडला तर मी मनावर घेत नाही. ‘टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’.”

उत्तरांची गाडी प्रश्नांच्या एक डबा पुढे गेलीय हे तिला आता कळलं, पण रुळावरून उतरायची सोय नव्हती.

“आणि एखादा ग्राहक फारच चिडला तर?”

चौथं कार्ड. “पाच वर्षांत सगळं ‘टेक ओव्हर’ करीन.”

“ग्राहकाचं?” बाईंनी चष्मा काढला.

छोटीच्या आईच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. तो बघून सासूबाईंना राहवेना. “पाचवं धरू का गं?” त्या कुजबुजल्या. पण घंटेच्या गजरावर मात करायची सवय असलेल्या गळ्याची कुजबुज ती. दोन खोल्या पलीकडे छोटी जागी झाली.

“कोण आहे तिथे? समोर या,” बाई चक्क मराठीत म्हणाल्या.

सासूबाई कार्डांसकट कॅमेऱ्यासमोर आल्या. “माझी काही चूक नाही. तुम्ही विचारलंत, मी धरलं. आणि सापडलाच आहात तर सांगते, तुमचं मशिन आठवडाभर बंद आहे. पाणी घेतं आणि नुसतं रुसून बसतं. चादरी मी हातानं धुते, या वयात.”

“आई, आई, शांत व्हा,” छोटीच्या आईचा हात आपोआप वहीकडे गेला. “खूप त्रास झाला तुम्हाला, खरंय. मला सांगा, पाणी भरल्यावर दिवा लागतो का?”

“लाल लागतो.”

“झाकण नीट बसतं?”

“धक्का मारला तर.”

“मग कुलूप बिघडलं असेल. नंबर द्या, माणूस पाठवते. तोवर झाकणाला धक्का मारू नका.”

“बरं बाई,” सासूबाई एकदम मऊ झाल्या.

पडद्यावर बाई हसता हसता डोळे पुसत होत्या. “सोमवारपासून कामाला लागा. इंग्रजी राहू द्या. आमचे ग्राहक मराठीतच चिडतात.”

कॉल बंद झाला. छोटीची आई खुर्चीतल्या खुर्चीत विरघळली. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, “मग आज येईल का माणूस?”

“तक्रार नोंदवून घेतली आहे, आई,” ती म्हणाली. “चार दिवस तरी लागतील.”