आप्पांनी बर्फावर मीठ टाकलं

दोह्यात मे महिन्याच्या भर दुपारी मॉलच्या पार्किंगमध्ये एखादा माणूस लोकरी कानटोपी, पोपटी स्वेटर आणि खांद्यावर घोंगडं अशा थाटात बसमधून उतरताना दिसला, तर घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावू नका. ते आमचे आप्पा. आईस हॉकीची स्पर्धा सुरू झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हो, आईस हॉकी आणि तीही वाळवंटात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही कुणीतरी चेष्टा करतंय असंच वाटलं होतं. पण इथल्या एका मॉलमध्ये बर्फाची रिंक आहे आणि तिथे दरवर्षी मुलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. देशोदेशीची पोरं येतात, हेल्मेटं चढवतात आणि बर्फावर एकमेकांना धडका देतात. माझा मुलगा अर्णव इथल्या संघातून खेळतो, म्हणजे बहुतेक वेळ पडतो. ज्या आईचा मुलगा खेळतो तिच्या गळ्यात बिल्ला अडकवून आयोजक तिलाही कामाला जुंपतात. वर्षभर वेस्ट बे भागातल्या ऑफिसात एक्सेल शीट भरणारी मी, त्या आठवड्यात पाहुण्या संघांची हॉटेल ते रिंक अशी ने-आण सांभाळते. त्यासाठी भाड्याची बस येते आणि बसबरोबर आप्पा येतात.

आप्पा एरवी रास लफानच्या गॅस प्रकल्पावर शिफ्टची माणसं पोचवतात. गाव कागलजवळ. इथे येऊन अर्धी हयात गेली, मुक्काम कंपनीच्या खोलीत बाकीच्या ड्रायव्हरांबरोबर. वर्षभर जांभया देणारे इंजिनिअर वाहून नेणारा हा माणूस स्पर्धा जवळ आली की सुपरवायझरच्या हात धुऊन मागे लागतो आणि ही ड्युटी मागून घेतो. ईदची सुट्टी सोडतील, पण ही ड्युटी सोडणार नाहीत. बस लावली की आत येऊन काचेला नाक लावून बसायचं, हा त्यांचा नेम.

खेळातलं त्यांना काय कळतं म्हणाल, तर काडीचंही नाही. पकला ते चकती म्हणतात आणि गोलकीपरला राखणदार. लाल मातीत वाढलेला माणूस, त्यामुळे दोन पोरं एकमेकांना भिडली की त्यांच्या अंगात येतं. पंच सोडवायला धावला की हे चिडतात. "आरं धरू दे की जरा! एवढ्या लांबनं इमानानं आल्यात पोरं, नुसती चकती ढकलाय आल्यात व्हय?"

मध्यंतरात बर्फ गुळगुळीत करायला ट्रॅक्टरएवढं एक यंत्र फिरतं. ते आलं की आप्पा कानटोपी काढून उभे राहतात. एका ड्रायव्हरनं दुसऱ्या ड्रायव्हरला दिलेला मान. "बघा ताई, ट्राफिक न्हाई, सिग्नल न्हाई, स्पीडचा रडार न्हाई. वरनं पब्लिक बघाय बसलंय. ह्येला म्हंत्यात नोकरी!"

पण आप्पांची खरी गंमत निराळीच. दरवर्षी ते एक पोर निवडतात आणि आठवडाभर फक्त त्याच्यासाठी ओरडतात. त्या पोराचा देश कुठला, संघ कसा, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. एका वर्षी कुवेतचा एक गुबगुबीत मुलगा निवडला होता. एका वर्षी कझाकस्तानचा. हा कझाक पोरगा अख्खी स्पर्धा बाकावर बसून होता. त्याला कोचनं एकदाही बर्फावर उतरवलं नाही. पण आप्पा डगमगले नाहीत. "शाब्बास रं माझ्या वाघा! काय बसलाईस! आसंच बस, यल्ला!" असं त्यांनी प्रत्येक सामन्यात गळा फाडून त्याला बसण्यासाठी प्रोत्साहन दिलं. शेवटी तो पोरगा खरोखरच ताठ बसायला लागला.

"तुम्ही निवडता कसं हो आप्पा?" मी विचारायची.

"त्ये आपल्याला कळतंय," एवढंच सांगून ते चहाच्या थर्मासचं झाकण फिरवायला लागायचे.

यंदा त्यांची नजर लाटव्हियाच्या गोलकीपरवर पडली. ती मुलगी होती. किडकिडीत, पांढरीफटक, पायाला बांधलेल्या पॅडांत जवळजवळ हरवलेली. जर्सीवरचं नाव मलाही वाचता येईना, मग आप्पांनी तिचं बारसं करून टाकलं. "आक्का! आडीव आक्का! सोडू नगंस!"

आक्का सगळंच सोडत होती. पहिल्या सामन्यात तिच्या पायांतून, डोक्यावरून, दोन्ही बगलांतून चकत्या गेल्या. दुसऱ्यात तर गोल मोजणाऱ्या बाईनं सुस्कारा टाकलेला मी पाहिला. पण आप्पांचा आवाज काही खाली येईना. गंमत म्हणजे त्यांनी हाक मारली की मान वर न करता आक्का काठी बर्फावर दोनदा आपटायची. लाटव्हियात मराठी शिकवत असतील असं मला वाटत नाही. पण तेवढं एक वाक्य तिला समजत होतं.

तिसऱ्या सामन्याच्या मध्यंतरात ते घडलं. आप्पांनी आधीच निदान केलं होतं. "दृष्ट लागलीया ताई. दुसरं काय न्हाई. एवढी गोरीपान पोर, वरनं माणसं टकामका बघत्यात, मग चकती कशी दिसंल तिला?"

मी हसले आणि विसरून गेले. तेवढी चूक झाली खरी. आप्पा मात्र बसमध्ये जाऊन मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन आले. यंत्रासाठी गोलशेजारचं फाटक उघडलं होतं, आक्का त्याच फाटकाशी पाणी पीत उभी होती. आप्पांनी रबरी मॅटवर उभं राहून तिच्या हेल्मेटवरून मूठ उतरवायला सुरुवात केली. "आल्यागेल्याची, पाप्याची, चांडाळाची..." आक्का अगदी शहाण्यासारखी उभी राहिली. हा कतारी प्रघात असणार, अशी तिची समजूत झाली असावी. उतरवून झालं की सगळं बाहेर नेऊन जाळायचा बेत होता. पण तेवढ्यात मागून यंत्रवाल्यानं कर्कश भोंगा वाजवला. आप्पा दचकले, मूठ उघडली आणि सगळा ऐवज गोलसमोरच्या बर्फावर सांडला.

बर्फावर मीठ पडलं की काय होतं, हे शाळेत सगळेच शिकतात. गोलसमोर खळगे पडले. खळग्यात मोहऱ्या रुतल्या. मिरच्या मात्र दिमाखात वर राहिल्या. सामना थांबला. रिंकची माणसं खरवडायला लागली, लाटव्हियाचा कोच एक मिरची उचलून तिचा वास घ्यायला लागला आणि सटासट शिंकला. शेजारी अर्णव लोळून हसत होता. "मम्मा, धिस इज लिटरली केमिस्ट्री!"

रिंकचा मॅनेजर फादी, लेबनॉनचा, एरवी फार गोड माणूस. त्या दिवशी तो लालबुंद झाला होता. "ड्रायव्हर स्टे इन द बस! खलास!" एवढा निकाल देऊन तो निघून गेला. आप्पांनी घोंगडं उचललं आणि निमूट बाहेर गेले. उरलेला वेळ आक्का हाकेविनाच खेळली.

दुसऱ्या दिवशी लाटव्हियाचा शेवटचा सामना होता, तळाच्या क्रमांकासाठी. सामना सुरू व्हायच्या आधी मी पार्किंगमध्ये गेले. आप्पा बसमध्ये एसी लावून बसले होते. कानटोपी, स्वेटर, सगळा जामानिमा अंगावर.

"ताई, मला तेवढं आत सोडा," ते म्हणाले. "म्याच सुरू व्हायच्या आदी. मागनं काय उपेग न्हाई."

"अहो आप्पा, इतकं काय त्यात? अर्णवच्या सामन्याला तर तुम्ही कधी असे हट्टाला पेटत नाही."

"अर्णवला तुमी हाईसा की."

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं.

"म्याच सुरू व्हायच्या आदी समदी पोरं एकदा मान वर करून बघत्यात. आई कुठं, बा कुठं. बघा कवाबी. त्यात एखादं पोरगं वर बघतच न्हाई. बुटाची नाडी बांधत बसतंय. त्ये आपलं. ह्या आक्काच्या बरोबरच्या पोरांचे आईबाप झेंडं घेऊन आल्यात. हिचं कोण न्हाई आलेलं."

"हे तुम्हाला कसं सुचलं?"

आप्पांनी स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसली.

"आमचा संदीप शाळंत खो-खो खेळायचा. एकदा रजेवर आलतो, कुणाला न सांगता थेट ग्राउंडावर गेलो. समदी पोरं वर बघत हुती. आमचं येडं खाली मान घालून चड्डीची नाडी आवळतंय. मी हाक मारली, संदीऽऽप! त्यानं बघितलंच न्हाई. रातच्याला जेवताना म्हणाला, मला वाटलं दुसऱ्या कुठल्यातरी संदीपचा बा आलाय."

आणि आप्पा लगेच म्हणाले, "जावा की ताई, यळ चाललाय!"

मी धावत फादीला गाठलं. इंग्रजीत दृष्ट कशी समजवायची? मी माझ्या डोळ्याकडे बोट दाखवलं, मुलीकडे दाखवलं आणि मूठ गोल फिरवली. फादीच्या कपाळावरची आठी एकदम गेली. "ऐन?" त्यानं विचारलं, अरबीत दृष्टीला तेच म्हणतात. मग खिशातून फोन काढून दाखवला. फोनला निळ्या डोळ्याचा मणी लटकत होता, आईनं बैरुतहून पाठवलेला. "दुआ, येस," तो बोट नाचवत म्हणाला. "सॉल्ट, नो!"

आप्पा आत आले तेव्हा पोरं ओळीनं उभी राहत होती. आक्का खाली वाकून पॅडचा पट्टा ओढत होती.

"आक्काऽऽ! आडीव गं बाई!"

काठी दोनदा आपटली.

दृष्ट काढली म्हणून सामना जिंकला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. आक्कानं आधीच्या सामन्यांच्या मानानं पुष्कळ चकत्या अडवल्या, एक तर चक्क बसकण मारून. त्यावर आप्पांनी अशी काही आरोळी ठोकली की फादीही टाळ्या वाजवायला लागला. पण लाटव्हिया हरला.

पोरांनी एकमेकांशी हात मिळवले. झेंडेवाले आईबाप खाली उतरले. आक्का मात्र पुन्हा आपल्या गोलपाशी गेली. तिनं हेल्मेट काढलं, घामेजलेले केस मागे सारले आणि पहिल्यांदाच मान वर करून स्टँडमध्ये शोधायला लागली. पोपटी स्वेटर सापडायला तिला वेळ लागला नाही. तिनं काठी उंच केली आणि ती हलवत राहिली.

आप्पांचं ओरडणं मध्येच थांबलं. ते मागे वळले, हिचं कोण आलंय ते बघायला. मागच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तरी त्यांनी वरच्या रांगेपर्यंत नीट बघून घेतलं.

"आप्पा," मी म्हटलं, "तुम्हालाच करतेय ती."