पन्नास ग्रॅमचा गोफणगुंडा

कळंबला आमचं किराणा-भुसाराचं दुकान आहे. लोक तिथे साखर न्यायला येतात, पेंड न्यायला येतात, काही नुसतेच टेकायला येतात. बिरूतात्या माती तोलून घ्यायला यायचे. धोतराच्या सोग्यातून वाळलेले मातीचे गोळे काढून ते गल्ल्यासमोर ओळीनं मांडायचे आणि फिर्यादीसारखे हात जोडून उभे राहायचे. "शेठ, इन्साफ करा."

हे गोफणगुंडे. शेतात मचाण बांधायचं, त्यावर चढून गोफणीत गुंडा घालायचा आणि डोक्याभोवती गरगरा फिरवून सोडायचा, म्हणजे ज्वारीवर बसलेली पाखरं उठतात. पूर्वी हे घरोघर चालायचं. आता आमच्याकडे जिकडेतिकडे ऊस आणि कांदा. ज्वारी उरली एकट्या तात्यांची, त्यामुळे थंडीत झाडून सगळ्या भोरड्या, चिमण्या आणि राघू जेवायला त्यांच्याच रानात. तात्यांचे वडील मेंढरं राखायचे आणि गोफण घरात तेव्हापासूनची, लोकरीची. मेंढरं गेली, गोफण राहिली.

गुंडा पन्नास ग्रॅमचा हवा, हा तात्यांचा धर्म. माझा आकडे दाखवणारा काटा त्यांना पसंत नाही. "त्यात कोन बसलंय काय म्हाईत," म्हणतात. मग मी आजोबांच्या वेळची दांडीची तागडी काढायची, एका पारड्यात पन्नासाचं पितळी वजन, दुसऱ्यात गुंडा. माझ्या आईला हे अजिबात आवडत नसे. आम्ही जैन माणसं, आमच्या तागडीवर हत्यार कसं तोलायचं? तात्यांनी तिची समजूत काढली, "माई, ह्यानं पाखरू मरत न्हाई. त्याला निस्तं वाटतं, आपुन मेलो." आईनं यावर बराच विचार केला आणि परवानगी दिली.

एकदा मी सहज विचारलं, "तात्या, पन्नासच का?" विचारायला नको होतं. दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं आणि तात्या सुरू झाले. "नदीतला गोटा गुळगुळीत, त्यो गोफणीतून आदीच निसटतो. इटेचा तुकडा वाऱ्यात कलंडतो. घोडनदीचा गाळ, वाईच राख, सावलीत वाळवल्याला गोल गुंडा, त्योच सरळ जातो. आता वजन बगा. हलका गुंडा सुटतानी लई पळतो, पर वारं लागलं की दमतो. जड गुंडा सावकाश निघतो, पर शेवटपत्तुर बोलत जातो. पाखराला आवाज लागतो, गुंडा न्हाई."

"मग शंभराचा करा."

तात्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला माझंच दुकान परकं वाटलं. "शंभराला तसा हात लागतो, शेठ. हातानं येग दिला न्हाई तर त्यो गुंडा न्हाई, ढेकूळ."

गुंडे वळायचं काम हौसाकाकूंचं. मचाणाच्या सावलीत पोतं अंथरून त्या दिवसभर माती मळत बसतात. त्यांच्याकडे ना तागडी ना वजन. तळहातावर गोळा घेतला की झालं. तात्या वरून खोड काढतात, "म्हातारे, ह्यो लंगडा हाय." काकू मान वर न करता म्हणतात, "मंग तुमी खाली या, मी वर येते." या दोघांचा संसार माझ्या माहितीप्रमाणे याच दोन वाक्यांवर चाललेला आहे.

या हिवाळ्यात मात्र तात्या दुकानात फिरकले नाहीत. बाजारात गाठ पडली तेव्हा मी टोकलं, तर म्हणाले, "औंदा गुंडे येकदम बराबर हायती. तोलायची गरज न्हाई." चांभाराकडे चप्पल तीनदा परत नेणारा हा माणूस. मला ते काही पटलं नाही. पिशवी त्यांनी डाव्या हातात धरली होती, हेही मी पाहिलं.

खांदा गेला होता. त्यांच्या मुलानं, संपतनंच मला सांगितलं. पोरगा वाईट नाही, बापाच्या काळजीनं बोलत होता. त्यानं कुत्र्यांच्या भुंकण्याचा आणि फटाक्यांचा आवाज करणारा भोंगा आणून ठेवला होता. तात्यांनी आता मचाणावरून उतरावं आणि घरी पडून राहावं, एवढंच त्याचं म्हणणं. त्यावरून घरात जुंपली आणि शेवटी तात्या म्हणाले, "पल्याडच्या बांधावरल्या बोरीपत्तुर माझा गुंडा जातोय तवर मी खाली उतरनार न्हाई. न्हाई गेला तर त्याच दिशी उतरतो." संपत म्हणाला, "चालंल. पर गुंडा तुमच्याच तोंडचा, पन्नासाचा पायजे. शेठला तागडी घेऊन बोलवतो."

असा मी एका सकाळी मोटरसायकलला तागडी बांधून त्यांच्या रानात गेलो. ज्वारी दाण्यावर आली होती आणि भोरड्यांचा थवा पल्याडच्या बोरीवर दाटीनं बसला होता. तात्या मचाणाखाली गोफण घेऊन उभे, संपत भोंग्याशेजारी. काकूंनी पदराखालून एक गुंडा काढून माझ्या हातावर ठेवला.

मी तागडी उचलली. वजनाचं पारडं खाली गेलं, गुंड्याचं वर. थोडंथोडकं नाही, चांगलं दोन बोटं. मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या. मातीनं भरलेले हात पोटाशी घट्ट धरलेले.

आता सांगतो ते आमच्या आईला कळता कामा नये. मालाच्या पारड्याला बोट लावतो, दांडी मारतो, असं गिऱ्हाइकं दुकानदाराला म्हणतात. आमच्या तीन पिढ्यांत हे कुणी केलं नाही, याची आम्हाला भारी घमेंड. त्या सकाळी मी करंगळी पारड्याला लावली. दांडी सरळ झाली. "बरोबर पन्नास," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच फार मोठा वाटला.

तात्या वर चढले. गोफण फिरली, एकदा, दोनदा, आणि सुटली. गुंडा ज्वारीवरून गुणगुणत गेला आणि थेट बोरीत शिरला. पानं हलली, अख्खा थवा भर्रकन उठला आणि उसाकडे गेला. संपत भोंग्याची वायर गुंडाळायला लागला. "दुखलं तर सांगा मातुर," एवढंच म्हणाला.

तात्या मला बांधापर्यंत पोचवायला आले. "शेठ," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुमचं बोट जड हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुम्हाला कळलं?"

"हातात घेतला की कळतं. दिवाळीपसून कळतंय. दर खेपंला म्हातारी वाईच बारीक करती."

"मग काकूंना बोलला का नाहीत?"

"काय बोलू? खांदा दुखतो का म्हनून ती बी इचारत न्हाई. इचारलं तर मला व्हय म्हनावं लागंल." त्यांनी उजवा खांदा चोळला, माझ्यासमोर पहिल्यांदाच. "मी उतरलो की ती बी घरी बसनार. घरी समदे आपापल्या मोबाईलात. हितं मी वर, ती खाली, दिवसभर भांडत बसतो. दुसरं हाय कोन आमाला बोलायला?"

तागडी बांधायचं निमित्त करून मी खाली वाकलो. तेवढ्यात तात्या मचाणाकडे न वळता, तोंड उसाकडे ठेवूनच ओरडले, "म्हातारे, लई जड झालेत गं ह्या टायमाचे. हात जरा आखडता घे."

"हायत तशे फेका," काकू म्हणाल्या. "लई कुरकुर नको."

आणि त्यांनी हातातल्या गोळ्याची चिमूटभर माती काढून घमेल्यात परत टाकली.