खरपुडीच्या तंट्याची हकीकत

श्री अन्नपूर्णेचे चरणी मस्तक ठेवून, चूल विझल्यावर सवडीने लिहिले ऐसे जे, शके एकोणीसशे सेहेचाळीस, मार्गशीर्षमासी, सातवी यत्तेचे राज्यात मोठा कलह माजला. पाकशाळेचा कारभार आमचेकडे, आणि आमची खिचडी पंचक्रोशीत नामांकित, आणि पातेल्याचे तळाशी धरलेल्या कुरकुरीत खरपुडीवर तर मुली जीव टाकीत. ती एके दिवशी पुढले बाकांची सरदार उज्ज्वला हिचे ताटात पडली, मग मागले बाकांची सरदार मैना हिने झडप घातली, आणि झोंबाझोंबीत अर्धी खिचडी भुईस मिळाली. मुख्याध्यापक हुजूर कोपले आणि हुकूम जाहला की शनिवारपर्यंत सलोखा न जाहल्यास दोघी खो-खोचे फौजेतून दूर. त्या दोघी नसता तालुक्याची मोहीम बुडालीच. साऱ्या मुलींची तोंडे उतरली. तेव्हां वर्गाच्या दमयंतीबाई, वयाने आमचे धाकटे सुनेएवढ्या, यांनी दंड न करिता लटकी कचेरी भरविली. नियम ऐसा की उज्ज्वलेने मैना व्हावे, मैनेने उज्ज्वला, आणि आपले वैरिणीची बाजू मांडावी. आम्ही पळी घेऊन दारी उभे राहिलो, म्हटले, पाहू ही नाटके. मैना बोलिली, "तिची बाजू मला काय ठाऊक?" बाई म्हणाल्या, "मग विचार की तिला. समोर तर बसलीये." मग दोघी चार दिवसांनी प्रथम एकमेकींशी बोलिल्या, आणि विचारता विचारता उज्ज्वला मैना होऊन उभी राहिली, "मी रोज शेवटी. माझ्या ताटात खरपुडी एकदाही नाही. मावशींना विचारा." आम्हांस विचारण्याची छाती कोणाची? परंतु कचेरीत आमचेही सोंग होते. ठेंगणी शबाना ओढणी कमरेस खोचून बोलिली, "जी म्हणेल 'मावशी, काय चव आहे', तिला खरपुडी. मुक्यानं ताट पुढं करील तिला वरची पातळ." सारे राज्य हसले. आम्ही म्हटले, "असं मी कधी म्हणाले गं?" शबाना म्हणाली, "म्हणत नाही मावशी, वाढता."

आम्ही पळी ठेविली आणि थेट हुजुरांकडे गेलो आणि सांगितले, "निम्मा दोष माझा. काढायचंच तर आधी मला काढा." मागोमाग त्या दोघी आल्या आणि मैना बोलिली, "सर, आमचं मिटलं. मावशींना काढू नका, खिचडी कोण करील?" हुजुरांस तीच चिंता, हुकूम मागे घेतला.

एवंच, तंटा मिटला, फौज मोहिमेस गेली, आणि खरपुडी हल्ली पाळीपाळीने, मागले बाकापासून वाटतो. तारीफ केल्याने फरक पडत नाही. तरी कोणी तारीफ सोडू नये.