एकशे त्रेचाळीस पकडलेल्या चुका

आमच्या शाळेत वर्गतपासणी जाहीर झाली की शिक्षक आधी घाबरतात आणि मग माझ्याकडे येतात. गेल्या सव्वीस वर्षांत ही रीत मोडलेली नाही. मी शिकवतो भाषा, पण माझा खरा विषय तपासणी! तपासणीचे साहेब आधी भिंत बघतात की फळा, टाचणवहीला कुठल्या रंगाचं कव्हर असावं, कुठल्या मुलाला त्या दिवशी पुढे बसवायचं आणि कुणाला वाचनालयात पुस्तकं मोजायला धाडायचं, हे सगळं मला तोंडपाठ. एवढं करूनही शेरा वाईट आलाच, तर त्यावरचा लेखी खुलासा मीच लिहितो. माझा खुलासा वाचून एका साहेबांनी स्वतःचाच शेरा मागे घेतला होता. हे मी दरवर्षी नव्या शिक्षकांना सांगतो. जुने तेवढ्यात चहाला जातात.

मी फुशारकी मारतोय असं वाटेल. तसं नाही हो. किती उंचावरून पडलो ते कळल्याशिवाय किती लागलं ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतोय.

आमच्या गणिताच्या बाई तीन वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर होत्या. यंदाची तपासणी चांगली गेली तर कायम, नाही तर नमस्कार. बाई अबोल. शाळेमागच्या गल्लीत एका खोलीत राहतात आणि त्यांची सगळी पुस्तकं तीन वर्षं खोक्यांतच आहेत. कपाट का घेत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "कायम झाले की घेईन," त्या म्हणाल्या, "उगाच भिंतीला सवय लागायला नको."

मुख्याध्यापिकांनी मला बोलावून सांगितलं, बाईंकडे जरा लक्ष द्या. बाईंनी स्वतः मला काहीच विचारलं नव्हतं, ही गोष्ट त्या वेळी माझ्या डोक्यातही आली नाही.

सोमवारी मी त्यांच्या सहावीच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसलो. अपूर्णांकांची बेरीज चालली होती. बाईंनी फळ्यावर एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश मांडले आणि बिनदिक्कत उत्तर लिहिलं, दोन पंचमांश. झालं, वर्ग उसळला! अडतीस मुलांपैकी निम्मी बाकांवर चढायचीच काय ती राहिली. तिसऱ्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी बसते, तिला सगळे वकीलबाई म्हणतात. ती शांतपणे उभी राहिली. "बाई, अर्धं तर आधीच दोन पंचमांशापेक्षा जास्त आहे. त्यात आणखी घातल्यावर ते कमी कसं होईल?"

बाईंनी कपाळाला हात लावला, "खरंच की," म्हणाल्या आणि फळा पुसला. वकीलबाई थेट माझ्या डोक्यावरच्या भिंतीपाशी आली. तिथे एक तक्ता होता. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बाईंच्या पकडलेल्या चुका', आणि खाली पाच-पाच रेघांच्या जुड्या. तिने एक रेघ वाढवली आणि खाली आकडा लिहिला, १४३.

आता बघा, त्या तासाला एकही मूल झोपलेलं नव्हतं. माझ्या तासाला सहा तर नेमाने झोपतात. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाने तेवढंच पाहून घरी जायला हवं होतं. मी पाहिला तो फक्त तक्ता.

शिक्षकखोलीत मी बाईंना फैलावर घेतलं. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की रोज दोन-तीन चुका त्या मुद्दाम करतात. चूक पकडायची म्हटली की मुलं कान टवकारून ऐकतात, आणि ती का चूक हे सांगायला गेली की गणित आपोआप येतं. मी म्हटलं, ते सगळं ठीक, पण बुधवारी साहेब येणार, त्या दिवशी एकही चूक होता कामा नये.

"सर, मुलांना सवय झालीय."

"सवय दोन दिवसांत मोडते," मी म्हणालो. कुणाची मोडते ते कुणास ठाऊक, माझी तर सव्वीस वर्षांत मोडली नव्हती. मी तक्ता गुंडाळून शिक्षकखोलीतल्या कपाटावर टाकला आणि त्या जागी माझ्या सुवाच्य अक्षरात एक सुविचार लावला, 'अचूकता हाच गुरूचा दागिना'.

बुधवार उजाडला. साहेब मागच्या बाकावर फॉर्म घेऊन बसले. मी बाहेर व्हरांड्यात, सूचनाफलक वाचत असल्याचं सोंग आणून खिडकीशी उभा. बाईंनी पहिली बेरीज केली. बरोबर. मुलं डोळ्यांत तेल घालून बघत होती. दुसरी बेरीजही बरोबर. मग वर्गात कुजबुज सुरू झाली. तिसऱ्या बेरजेत तीन चतुर्थांश आणि एक अष्टमांश, उत्तर सात अष्टमांश. अगदी सोळा आणे बरोबर! आणि एक हात वर आला.

"बाई, सापडत नाही."

"काय सापडत नाही?" साहेबांनी विचारलं.

"चूक."

साहेबांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. इतका वेळ चूक सापडली नाही म्हणजे ती फार मोठी असणार आणि फार खोल दडवलेली असणार, असा मुलांनी निष्कर्ष काढला. एकाला आठचा आकडा संशयास्पद वाटला. दुसऱ्याने तारीखच खोटी असल्याचं सांगितलं. पुढच्या बाकावरचा एक, आज एकही मिळाली नाही म्हणून रडायच्या बेताला आला. मी खिडकीतून दोन्ही हातांनी 'बरोबर आहे, बरोबर आहे' अशा खुणा करत होतो. मुलांनी त्या पाहिल्या, आणि हे सर इतकं पटवून देतायत म्हणजे नक्की चूकच, असं त्यांचं ठरलं.

शेवटी साहेब उठले आणि त्यांनी सरळ विचारलं, सात अष्टमांश हे उत्तर बरोबर की चूक? वर्ग एका सुरात ओरडला, "चूक!" एकटी वकीलबाई गप्प होती. साहेबांनी तिला उभं केलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली, "म्हणूनच संशय येतोय."

शेरा चार दिवसांनी आला. शिक्षिकेचं विषयज्ञान उत्तम, मात्र त्यांच्या अचूक विधानांवरही विद्यार्थ्यांचा विश्वास नाही, सबब कायम नेमणुकीची शिफारस करता येत नाही. काही म्हणणं असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावं.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून ठेवला. मी म्हणालो, काही काळजी करू नका, आता माझा खुलासा बघा. बाई म्हणाल्या, "सर, मी दोन ओळी लिहू का? नेहमीसारखा एक तास पुन्हा बघायला या, एवढंच." मी हसलो. अहो, मी चक्क हसलो! दोन ओळींच्या कागदाची कुठलंही कार्यालय दखल घेत नाही, असं सांगून मी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

मी अकरा पानं लिहिली. बाईंच्या चुका म्हणजे एक पद्धत आहे, असा मुद्दा मांडला. पुराव्यादाखल कपाटावरचा तक्ता काढून, झटकून जोडला. शिवाय सहावीच्या सगळ्या मुलांकडून 'बाईंची मला आवडलेली चूक' यावर एकेक पान लिहवून घेतलं. पहिली दोन पानं वाचून माझे डोळे भरून आले, म्हणून बाकीची छत्तीस मी वाचली नाहीत. दोऱ्याने बांधून पाठवून दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी अडतीस पानांत, दोऱ्याने बांधून दाखवलं.

सुनावणी मुख्याध्यापिकांच्या खोलीत झाली. टेबलापलीकडे साहेब, अलीकडे बाई आणि मी. साहेबांनी मुलांची पानं वाचायला घेतली. 'आमच्या बाई रोज चुकतात.' 'बाईंना अपूर्णांक येत नव्हते, आम्ही सगळ्यांनी मिळून शिकवले.' 'बाई चुकल्या नाहीत तर मला शाळेत यावेसे वाटत नाही.' मी म्हणालो, साहेब, गैरसमज होतोय, त्या चुका मुद्दाम केलेल्या आहेत.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे एकशे त्रेचाळीस वेळा मुद्दाम चुकीचं शिकवलं, असं तुम्ही लेखी देताय?"

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी बोलायला तोंड उघडलं आणि मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ते तसंच मिटलं.

साहेब वाईट माणूस नव्हते हो, तेच तर दुःख! पानांचा गठ्ठा दोऱ्यात बांधताना ते बाईंना म्हणाले, मुलं एवढं प्रेमाने लिहितात म्हणजे त्या वर्गात काहीतरी आहे. तुम्ही पुन्हा तास बघायला नुसतं बोलावलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी आलो असतो. आता ही अकरा पानं फाइलला लागली, त्यांच्याकडे डोळेझाक करता येत नाही. मग त्यांनी निर्णय सांगितला. बाईंना आणखी एक वर्ष तात्पुरती नेमणूक, पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी, आणि तोवर आठवड्यातून दोन तास अनुभवी शिक्षकाचं मार्गदर्शन. अनुभवी कोण, म्हणून त्यांनी विचारलं. मुख्याध्यापिकांनी हातातलं पेन माझ्याकडे रोखलं.

व्हरांड्यात मी बाईंची माफी मागितली. त्या रडल्या असत्या, भांडल्या असत्या, तर मला हलकं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "खोक्यांना वाळवी लागू नये म्हणून काय घालतात, सर?" घरी बायकोला सगळं सांगितलं, तर ती भाजी निवडत म्हणाली, उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिले होते, तुम्ही तर उंटच वर्गात नेलात. त्या रात्री मी जेवलो नाही. कुणी आग्रहही केला नाही.

आता आठवड्यातून दोनदा मी सहावीच्या मागच्या बाकावर बसतो. माझा सुविचार गेला, साहेबांनी परत दिलेला तक्ता पुन्हा जागेवर आला. बाई चुकतात, वर्ग उसळतो, रेघा वाढतात. मार्गदर्शन काय करायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून मी फळ्यावरची गणितं वहीत सोडवतो. दुसऱ्याच तासाला वकीलबाईने मागे वळून माझ्या वहीत पाहिलं. काही न बोलता ती उठली, तक्त्याजवळ गेली, बाईंच्या रेघांशेजारी एक नवा रकाना आखला, वर 'मार्गदर्शक सर' असं लिहिलं आणि एक रेघ मारली. गेल्या महिन्यात बाईंच्या सत्तावीस झाल्या, माझ्या एकतीस. बाईंच्या मुद्दाम केलेल्या असतात.

काल पुढच्या तपासणीची तारीख लागली. मी बाईंना गाठून म्हणालो, माझ्याकडून काही मदत लागली तर संकोच करू नका, वाटेल ते करीन.

"एक कराल, सर? त्या दिवशी रजा घ्या."

मला वाईट वाटलं, पण पटलं. लगेच रजेचा अर्ज लिहायला बसलो, दोन कोरे ताव घेतले, तारीख टाकली, विषय लिहिला आणि पहिल्या परिच्छेदात माझ्या सव्वीस वर्षांच्या सेवेचा थोडक्यात आढावा घेतला. बाई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनी हलकेच माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"द्या इकडे," म्हणाल्या, "मी दोन ओळींत लिहिते. तुम्ही फक्त सही करा."