नजीरचाचांच्या कानातलं कुलूप

नजीरचाचा कानातलं मशीन काढतात, तळहातावर घेतात आणि भर बाजारात त्याला शिव्या देतात. सुरुवात मराठीत, जोर हिंदीत आणि शेवट उर्दूत, म्हणजे जरा अदबीनं. शिव्या संपल्या की मशीनवर फुंकर मारून ते पुन्हा कानात घालतात. एकदा मी म्हटलं, "चाचा, कानात ठेवूनच शिव्या द्या ना. त्याले ऐकू तरी जाईन."

"अबे, मंग मलेबी ऐकू येईन ना! शरीफ माणूस हाओ मी."

ढाणकीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याला लागूनच चाचांची साउंड सर्व्हिस होती. लग्न असो, उरूस असो की गणपती, गावात भोंगा वाजला म्हणजे तो चाचांचा. उभा जन्म भोंग्याखाली काढल्यावर कान कुठले राहतात! सवय मात्र राहिली. समोरचा बोलायला लागला की चाचांचा हात हवेतल्या हवेत बटण फिरवतो. एका पुढाऱ्याला त्यांनी तोंडावर सांगितलं, "भाऊ, तुमच्या आवाजात नुसता बास हाये, शब्द एकबी नाही." माझ्या आवाजात म्हणे ट्रेबल फार, म्हणजे चिरका. "तू बोलला का डोकं दुखते बे, संज्या."

मशीन पुण्याच्या लेकीनं घेऊन दिलं. एकदम डिजिटल. बोलणं कोणतं आणि कचरा कोणता, हे त्यातलं सॉफ्टवेअर आपल्या मनानं ठरवतं आणि कचरा दाबून टाकतं. पंखा दाबतं, मिक्सर दाबतं, ते ठीक. पण बदल करायचा म्हटलं तर सगळं कुलूपबंद. हात लावायचा नाही. मला या मशीनवाल्यांची मनापासून चीड आहे, हे सांगूनच टाकतो. चाचांची चीड तर विचारूच नका.

"त्याले कोनं सांगतलं बे, काय दाबाचं अन काय नाही? बहिरा मी, अन बटन त्याच्यापाशी! उभ्या जिंदगीत मी बिनबटनाचं डबडं पाह्यलं नाही."

दुकान उघडलं की चाचा हजर. "संज्या, तू मोबाइलचं लॉक तोडतं ना, याचं तोड."

"चाचा, आवाज नको तेवढा वाढला तर उरलासुरला कान जाईन. वॉरंटीबी जाईन."

"कान कोनाचा? जाईन तर माहा जाईन, कंपनीचा जाईन काय? मले माह्या मशीनले हात लावाची मनाई, अन त्याले माह्या कानात बसाची मुभा! हा कोनता कायदा हाये बे?"

मी आपला पाना-पेचकस आवरायला लागायचो. मग चाचांनी स्वतःच कुठलंसं ॲप टाकून खटपट केली. झालं काय, तर शेजारच्या गल्लीतल्या मयतीत मशीन शिट्ट्या मारायला लागलं. सगळी मंडळी चाचांकडे बघताहेत आणि चाचा गंभीर चेहऱ्यानं उभे. शिट्टी तेवढी त्यांना ऐकू येत नव्हती.

गावाचा अंदाज असा, की म्हाताऱ्याला बाजारातली कुजबुज ऐकायची आहे. मलाही तसंच वाटायचं.

शेवटी चाचांनी नागपूरच्या सेंटरवर जायचं ठरवलं. गाडी केली, मला पुढे बसवलं आणि मागे चाचीला उचलून ठेवलं. चाचीला लकवा झाल्यापासून तिचं बोलणं म्हणजे एकसुरी, लांब गुणगुण. सुनेला कळत नाही, मला कळत नाही. कळायचं ते एकट्या चाचांना. पाणी पाहिजे, कूस बदला, खिडकी लावा, सगळं ते तिच्या गुणगुणीतून उचलायचे आणि घराला सांगायचे. कान गेले तसं हे थांबलं. मशीन आलं, तर त्यातून सारं गाव ऐकू यायला लागलं, चाची सोडून. ही गोष्ट मला त्या गाडीत कळली.

सेंटरमध्ये टाय लावलेला एक तरुण होता. त्यानं वायरी जोडल्या आणि चाचीला बोलायला लावलं. ती बिचारी मन लावून बोलली. तो स्क्रीनकडे बघून म्हणाला, "काका, सॉफ्टवेअरच्या हिशेबानं हे बोलणं नाहीये. नॉईज आहे. म्हणून ते दाबतंय."

"मंग नोको दाबू म्हना त्याले."

"ते लॉक आहे. आमच्याकडूनही निघत नाही. वरच्या मॉडेलमध्ये सोय आहे, ते घ्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाचा तर उठून उभेच राहिले. आता चाचा टेबल उलटं करणार, असं वाटून मी खुर्ची मागे घेतली.

तेवढ्यात चाचीनं चांगल्या हातानं त्यांचा सदरा ओढला आणि तिची गुणगुण सुरू झाली. चाचांनी मशीन काढून टेबलावर ठेवलं. मग चार माणसांत, कोण काय म्हणेल याची पर्वा न करता, खाली वाकून तिच्या ओठांना आपला उरलासुरला कान लावला. किती वेळ तसेच राहिले. मध्येच मान हलवायचे, पुन्हा कान लावायचे.

"काय म्हणते चाची?" मी हातानं खूण करून विचारलं.

चाचांनी डोळे पुसले. "म्हणते, पोरावर वरडू नका. सकाळपासून जेवला नसन तो."

आणि चाचा खरोखरच गप्प बसले. तिनं सांगितलं म्हणून.

मला मात्र चाचीनं काहीच सांगितलं नव्हतं. "अबे, बाई बोलून राह्यली ना! नॉईज कायले म्हणतं तिले?" मी असा ओरडलो, की बाहेर बाकावर बसलेल्या बहिऱ्यांनीही माना वळवल्या.