कौसाकाकूंची जाळी

आमच्या शेजारच्या कौसाकाकूंनी आपल्या सगळ्यात जुन्या कोंबडीचं नाव 'सासूबाई' ठेवलं आहे. तिनं एखाद्या पिलाला टोच मारली रे मारली, की काकू तिला पकडून डाल्याखाली कोंडतात, वर दगड ठेवतात आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात, "बसा आता सासूबाई! तासभर सुटका नाही!" गावात नवा आलेला माणूस दचकतो. आम्ही आता दचकत नाही.

मी संग्रामपूरला गुरांच्या दवाखान्यात कामाला आहे. कोंबड्यांना लस टोचणं हे माझं पोटापाण्याचं काम. तेव्हा कोंबड्यांबाबत काकूंनी माझं मत घ्यावं, अशी माझी रास्त अपेक्षा. त्या घेतातही, आणि तिथल्या तिथं परत करतात. एकदा मी म्हटलं, "काकू, लहानमोठी पिलं एकत्र ठेवू नका. मोठी लहानांना जगू देत नाहीत, वर रोगही लागतात."

"काऊन? तुह्या घरी सगळे एकाच वयाचे हायेत का बे?"

माझ्या घरी माझी म्हातारी आई आहे आणि दोन वर्षांची पोरगी आहे.

खरं सांगायचं तर बाईची रीत बिनतोड आहे. नवीन पिलांची खेप आली की ती जाळीच्या पलीकडे, जुन्या कोंबड्या अलीकडे. एकवीस दिवस. एकमेकींना पाहा, एकाच वेळी दाणे खा, पण चोच पोचणार नाही. "आधी नजर ओळखीची झाली पाह्यजे, मंग अंग," असं काकू म्हणतात. बाविसाव्या दिवशी दोन्हीकडच्या एकत्र. तरीही जाळीच्या बुडाशी एक एवढुसं भोक ठेवतात. पिलू त्यातून पळून आत जाऊ शकतं, मोठी कोंबडी अडकते. आत पिलांचे दाणे वेगळे. आजवर त्यांच्याकडं टोचून एकही पिलू मेलं नाही, हे मी दवाखान्यातला माणूस असून कबूल करतो.

अडचण एकच, जागेची. पहिली खेप खुराड्यात मावली. दुसरीला जुन्या कुलरचा सांगाडा मिळाला, तिसरीला आडवी पाडलेली मोडकी आलमारी. चौथी आली ती थंडीत, म्हणून ती थेट मधल्या खोलीत, बल्बखाली. त्या खोलीत दामूकाकांची, म्हणजे काकूंच्या यजमानांची, बाज होती. ती ओसरीवर गेली. दामूकाका मोठे गरीब. एवढंच म्हणाले, "कौसे, मी कितव्या खेपेतला?"

"तुम्ही मोकळे सोडलेले," काकू म्हणाल्या.

अशात त्यांच्या मुलाचं, विलासचं लग्न ठरलं. विलासचं संग्रामपूरला बी-बियाण्याचं दुकान. मुलगी लोणारची. जिल्हा एकच, पण बोली निराळी, आणि आमच्या गल्लीतल्या बायांना तेवढं पुरे. "ते 'मले-तुले' नाही, 'मला-तुला' करते म्हने!" "भाकर तरी थापता येते का नाही, पाहू." नवी नवरी आमच्याकडं मधल्या खोलीत बसवतात आणि गाव तिला पाहायला येतं. पाहायला म्हणजे कशाला, ते सांगायला नको.

लग्नाला आठ दिवस उरले आणि काकूंनी मला खामगावहून जाळी आणायला सांगितली. चांगली, बारीक घराची. माझं डोकंच फिरलं. "पाचवी खेप? लग्नघर आहे हे, काकू! सून कुठं ठेवाल, आलमारीत?"

"तू आन तं खरं."

आणली. पाहतो तर मधली खोली रिकामी, झाडलेली, चुना मारलेली. चौथी खेप दामूकाकांच्या बाजेखाली चिवचिवत होती. खोलीला लावायच्या जाळीच्या दाराची लाकडी चौकट तयार होती. मी जाळी ठोकली, दार टांगलं आणि सगळ्या खुराड्यांना असते तशी बाहेरून कडी बसवायला घेतली.

"बाहेरून नाही बे, आतून!" काकू ओरडल्या.

"आतून? कोंबडी काय कडी लावते?"

"कोंबडी कोनं म्हनली? सून येऊन राह्यली."

मला हसू आवरेना. "एकवीस दिवस का, काकू?"

"हाव. बाया येतीन, पाह्यतीन, बोलतीन. तिले वाटलं तं ते कडी काढीन. नाही तं नाही."

"अहो, गल्लीतल्या बायांचं एवढं काय मनावर घेता?"

काकू डाल्याजवळ टेकल्या. सासूबाई नुकतीच आत गेली होती. "बाया येतीन अन् जातीन, बापू," त्या म्हणाल्या. "घरातली जुनी कोंबडी आता मीच. मले माह्याच चोचीचा भरोसा नाही."

ही बाई कधी हळू बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

"मी आली तवा ह्याच खोलीले कडी होती. बाहेरून."

डाल्याखाली सासूबाई कुरकुरत होती. काकूंनी दगड बाजूला केला, डालं उचललं आणि तिला सोडून दिलं. तास व्हायचा होता अजून.

मी कडी आतून बसवली. स्क्रू घट्ट बसले होते, तरी एकेक परत आवळला.