आमच्याकडचा वैभव

आमच्या समोरच्या फ्लॅटमधला वैभव माझं दार सताड उघडं दिसलं, तर आधी ते हळूच ओढून घेतो आणि मग बेल वाजवतो.

मी कणकेच्या हातानं बाहेर येते. दार उघडते. वैभव उभा.

"काय रे?"

"काय नाय आजी. काय करू राहिल्या?"

"कणीक मळत होते."

"बरं, मळा."

आणि जातो. रोज सकाळी आठला. गेले बारा दिवस हेच. माझ्या गुडघ्यांनी त्याचं काय घोडं मारलंय, देव जाणे.

वैभवला वेड लागलेलं नाही. तो जर्मनीला शिकून आलाय. दोन वर्षं तिथं यंत्रांचं काहीतरी शिकला, तिथंच नोकरी लागली, आणि आता महिनाभर आईकडं राहायला आलाय.

जाताना तो नुसता आमच्या सिडको कॉलनीचा होता. गावातल्याच शहागंजात पाठवलं तरी परगावी गेल्यासारखा पाण्याची बाटली घेऊन निघायचा. तिथं विमानातून उतरला आणि एकदम भारतीय झाला. जो तो विचारायचा, योगासनं येतात का? या बिचाऱ्याला बसल्याशिवाय बुटाची नाडी बांधता येत नव्हती. मोबाइलवर बघून चार आसनं शिकला आणि देशाची अब्रू राखली. मग कॉलेजात भारताचा कार्यक्रम झाला, त्यात याला भांगडा करायला लावला. त्याच्या आईनं, सुनंदानं मला फोटो दाखवला, तर मी म्हटलं, "पोरगं देखणं आहे गं, कुणाचं?" पुढं तिथल्या मराठी मंडळात गेला, तर पुण्याकडची पोरं याचं मराठी ऐकून गालात हसली. त्या दिवशी हा मराठवाड्याचा झाला. एवढा सातासमुद्रापार गेला आणि भारतापासून सुरुवात करून आपल्या गल्लीपाशी येऊन थांबला.

आता त्याच्या तोंडी एकच शब्द: "आमच्याकडं". रिकाम्या चौकात लाल दिव्याला एकटाच थांबतो. मागचे हॉर्न वाजवतात, तर मान वळवून सांगतो, "आमच्याकडं थांबतात." घरी येऊन चहाचा घोट घेतो आणि डोळे मिटून म्हणतो, "आमच्याकडचा चहा तो आमच्याकडचाच." मी दर वेळी विचारते, "कुणाकडं?" मग तो थांबतो, बोट एकदा खिडकीकडं करतो, एकदा स्वतःकडं, आणि चहा गार होऊन जातो.

मला हसायचा हक्क आहे, कारण मी याच्याहून मोठी विदूषक होते. पन्नास वर्षांपूर्वी सिल्लोडची मी, बी.एड. करायला पुण्याला गेले. पहिल्याच दिवशी हॉस्टेलच्या जेवणघरात म्हणाले, "मला लई भूक लागली." सगळ्या मुली भात खाता खाता ठसकल्या. त्या दिवसापासून मी जीभ घासायला घेतली. 'लई'चं 'खूप' केलं, 'व्हय'चं 'हो' केलं. कुणीतरी म्हणालं, तू 'पानी' म्हणतेस, 'पाणी' म्हणावं. मी इतकी घाबरले की दिसेल त्या 'न'चा 'ण' करून टाकला. महिनाभर मी सगळ्यांशी 'मणापासूण' बोलत होते.

सुट्टीत घरी आले ते थेट आईला शिकवायला. म्हटलं, "आई, 'व्हय' म्हणू नये. 'हो' म्हणावं." आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "व्हय, म्हनंन की."

पुढं तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. किती पोरांच्या वहीतल्या 'व्हय'वर लाल रेघ मारली, मोजदाद नाही. हा वैभवही माझ्याकडं शिकवणीला होता. त्याला मी दहा वेळा 'हो' लिहायला लावलं होतं. तेव्हा लई गुणी मूल म्हणून त्यानं वीस वेळा लिहून आणलं.

तर, तेराव्या दिवशी मी ठरवलं, आज चोर पकडायचा. आठच्या आधीच कणीक झाकून ठेवली आणि दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिले. बेल वाजली. मी गप्प. बाहेर वैभव मोबाइल दाराला टेकवून उभा होता, डॉक्टर छातीला नळी लावतो तसा. परत बेल. मी गप्प. त्याचा चेहरा असा उतरला, की मला राहवेना. दार उघडलं.

"काय चाललंय रे?"

आधी लाजला. मग म्हणाला, "आजी, तुम्ही आतून म्हणता ना, 'व्हय, आले', ते मोबाइलात घेऊ राहिलो."

"मी?" मला रागच आला. "मी 'हो, आले' म्हणते."

त्यानं मोबाइल माझ्या कानाशी धरला. बेल. भांड्यांचा आवाज. आणि मग, "व्हय, आलेऽऽ." बारा दिवसांच्या बारा बेला, बारा 'व्हय'. आवाज माझा नव्हता, माझ्या आईचा होता. पन्नास वर्षं पुढच्या खोलीत शुद्ध बोलले, आणि स्वयंपाकघर सिल्लोडातच राहिलं होतं.

"एकातबी नीट आलं नाय," तो म्हणाला. "कधी कुकरची शिट्टी, कधी लिफ्ट. रविवारी जायचंय मला."

"पण कशाला हवंय तुला हे?"

"आमच्याकडं बेल दाबली की आतून कुणी बोलत नाय आजी. बटन दाबतात, दार आपोआप उघडतं. दोन वर्षांत मला दाराआडून कुणी 'आले' म्हटलं नाय."

मी त्याला बाहेर ढकललं, दार लावलं, पदर सावरला आणि म्हटलं, वाजव. वाजली. माझ्या तोंडून आलं ते थेट आकाशवाणीचं: "होय, आले." पुन्हा. "व्हय. आले." हे तर फळ्यावर लिहून दाखवल्यासारखं. वैभव बाहेरून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आजी." लहानपणी चुकलेलं गणित खोडताना असाच आवाज काढायचा.

मी हिरमुसून आत गेले. कुकर लावायचं मुद्दाम टाळलं. मेथी निवडायला बसले आणि मेथीत इतकी माती होती की मेथीवाल्याला शिव्या देता देता सगळं विसरले. बेल वाजली.

"व्हय, आलेऽऽ."

दारात मेथीवालाच होता, सुट्टे परत द्यायला आलेला. त्याच्या मागं जिन्यावर वैभव, मोबाइल उंच धरून, बत्तीशी दाखवत.

रविवारी तो गेला. महिनाभरानं व्हिडिओवर फोन आला. कामावरून आला होता, टोपी, गळ्याला मफलर. म्हणाला, आजी, बघा. बंद दाराशी उभं राहून त्यानं स्वतःच्याच घराची बेल दाबली. ती बेल त्यानंच बसवून घेतली होती. आतून माझा आवाज आला. "व्हय, आलेऽऽ." मग खिशातून किल्ली काढून त्यानं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. एक खुर्ची, एक कपडे वाळत घातलेला स्टँड.

"शेजारची म्हातारी रोज ऐकती," तो म्हणाला. "काल विचारत होती, आत कोण असतं? मी सांगितलं, आमच्याकडची आजी हाय."

मी पहिल्यांदाच विचारलं नाही, कुणाकडची.